सतरा नंबरची खुर्ची

मार्च उजाडला की सदाशिव पेठेतल्या विजेच्या खांबांवर जाहिराती चढू लागतात. अभ्यासिका. शांत, हवेशीर, मुलींसाठी वेगळी सोय. पूर्वी या जाहिराती पिवळ्या कागदावर हातानं लिहिलेल्या असत. आता गुळगुळीत छापलेल्या असतात आणि त्यांत एसी, वायफाय, लॉकर अशी लालूच असते. भाजीची पिशवी हातात धरून मी खांबापाशी थांबते आणि सगळं वाचून काढते. मला काही परीक्षा द्यायची नाही, वयानं ती दारं केव्हाच बंद केली आहेत. पण एका उन्हाळ्यात माझं अख्खं आयुष्य असल्याच एका खोलीतल्या सतरा नंबरच्या खुर्चीवर टेकलेलं होतं. हे ज्यांना हास्यास्पद वाटतं, त्यांच्याशी वाद घालायची माझी आजही तयारी आहे.

हल्ली चित्रकलेच्या कॉलेजातली मुलं माझ्याकडे येतात. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, आणि त्यावरच जगते, याचं त्यांना नवल वाटतं. चहा होतो, मग एकजण हळूच विचारतो, "मॅम, तुम्हाला मूड कसा येतो? आय मीन, रोज?" मूड हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या सुमनताईंना मूड लागत नाही. दूधवाला पहाटे मूडची वाट पाहत बसत नाही. चित्र काढणाऱ्यानंच तेवढं खिडकीशी बसून आकाशातून काही उतरायची वाट का पाहायची? मी त्या मुलांना सांगते, खुर्ची घ्या. ठरलेल्या वेळेला तिच्यावर बसा. मग जे यायचं ते येईल, नाही आलं तरी तुम्ही तिथे असाल. मुलं मान डोलावतात आणि जिन्यात गेल्यावर म्हणत असणार, बाई फारच खडूस आहेत.

खडूस आहेच मी. नसते तर त्या उन्हाळ्यातून बाहेर आले नसते.

ते दिवस पुण्यात सगळ्यांनाच नवीन होते. हिंजवडीत अजून उसाची शेतं दिसायची आणि त्यांच्या पलीकडे निळ्या काचांच्या इमारती. रस्त्याकडेला म्हैस बांधलेली, आणि तिच्यासमोरून गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं जायची. त्या पोरांमध्ये मीही होते. भंडाऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावातून इंजिनियर होऊन आलेली, एका मोठ्या कंपनीत टेस्टिंगला लागलेली. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये चुका शोधायच्या. दिवसभर मी चुका शोधत असे, आणि त्यात चांगली होते. राहायला सदाशिव पेठेत, कॉट बेसिसवर. चार मुली, चार कॉट, चौघींत एक टेबल, आणि त्या टेबलावर कायम कुणाचा तरी आरसा, कुणाची तरी इस्त्री.

चित्रं मी लहानपणापासून काढत होते. पण माझी पेटी नुसत्या सुरुवातींनी भरलेली होती. अर्धा बैल, पाऊण बाजार, डोळे नसलेली आजीबाई. एकही गोष्ट शेवटाला नेलेली नव्हती. आणि त्या वर्षी मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशकांनी माझी दोन कच्ची चित्रं पाहून मला एक गोष्ट दिली. जंगलातला हत्ती वाट चुकून शहरात येतो, अशी गोष्ट. चोवीस पानं, मे अखेरपर्यंत. ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "याआधी एखादं पुस्तक पूर्ण केलंय का आपण?" मी नाही म्हटलं. "हरकत नाही. जूनच्या एक तारखेला चित्रं नसली, तर मी दुसऱ्या कुणाला देईन. मला वाईट वाटणार नाही, आपणही वाटून घेऊ नका." फाटकाबाहेर येऊन मी स्वतःशी ठरवलं, हे पुरं झालं नाही तर ब्रश देऊन टाकायचे आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या.

ऑफिसात मी हे टीममधल्या कौस्तुभला सांगितलं, तेव्हा तो मनापासून म्हणाला, "भारी ना! वीकेंडला कर, हॉबी म्हणून." त्या दिवसापासून हॉबी आणि छंद या दोन्ही शब्दांशी माझं भांडण आहे. छंद जोपासायचा असतो, कुंडीतल्या तुळशीला घालावं तसं उरलंसुरलं पाणी घालून. मला उरलंसुरलं द्यायचं नव्हतं. दिवसातला सगळ्यात ताजा वेळ मला या हत्तीला द्यायचा होता, आणि शिळी झाल्यावर मी कंपनीला मिळाले असते तरी कंपनीचं काही बिघडत नव्हतं.

म्हणून मी अभ्यासिकेत खुर्ची घेतली. सकाळी सहा ते आठ. आठ वाजता निघालं की चालत स्वारगेट, आणि साडेआठची कंपनीची बस. खाली पिठाची गिरणी, वर लांबट खोली, तीस खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं नंबर. गिरणी सातला सुरू व्हायची आणि जमीन पायाखाली बारीक थरथरायची. खोलीत गव्हाच्या पिठाचा, झेरॉक्सच्या कागदाचा आणि डोक्याला लावलेल्या तेलाचा वास असे. मला आजही तसा वास आला की बोटं आपोआप टाक धरल्यासारखी होतात.

अभ्यासिका चालवायचे आगाशे काका. बँकेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. भिंतीवर त्यांच्या पाट्या होत्या. 'येथे झोपण्यास आपल्या घरी जावे.' 'कुजबुजसुद्धा ऐकू येते.' 'पंख्याचा वेग सर्वांना सारखाच लागतो, वाद घालू नये.' आणि सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, 'ही जागा फक्त अभ्यासासाठी आहे.' काका कुणालाही नावानं हाक मारत नसत. सगळे नंबर होते. मला ते आवडलं. पुण्यात नाव सांगितलं की आडनाव विचारतात, आडनाव सांगितलं की क्षणभर थांबतात. सतरा नंबरला कुणी काही विचारत नव्हतं.

बसण्याची सवय मला नवीन नव्हती. ती घरची होती. आमच्या घरात निळ्या कोटातली, हातात पुस्तक धरलेली तसबीर आहे, आणि तिच्याखाली अभ्यासाची सतरंजी. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेले पहिलेच. त्यांचा एक नियम होता, अभ्यासाला बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही. पाहुणे आले, आई तापानं फणफणली, शेजारी लग्नाची वरात निघाली, तरी नाही. 'ती अभ्यासाला बसली आहे' हे वाक्य बाबा ज्या आवाजात उच्चारत, त्या आवाजात इतर लोक देवाचं नाव घेतात. चित्रं मात्र त्यांच्या लेखी अभ्यासात मोडत नव्हती. वहीच्या मागच्या पानावर बैल दिसला की ते काही न बोलता पान फाडून चुलीपाशी नेऊन ठेवत.

खुर्ची घेतली त्या आठवड्यात मी फोनवर आनंदानं सांगून बसले, "बाबा, अभ्यासिकेत जागा घेतली. रोज सकाळी सहा ते आठ."

मग बाबा म्हणाले, "कोणती परीक्षा, मी विचारत नाही. समजलो मी. मोठी देऊन राह्यली तू. बोलू नको, निकाल लागला का मंग बोलू."

आमच्याकडे मोठ्या परीक्षेची तयारी करणारं माणूस ती बोलून दाखवत नाही, आणि घरचे विचारत नाहीत. विचारलं की नजर लागते, असं कुणी म्हणत नाही, आम्ही नजर वगैरे मानत नाही. पण विचारत नाहीत. त्यामुळे मी जितकी गप्प राहिले तितका बाबांचा विश्वास पक्का होत गेला. मी त्याच क्षणी खरं सांगू शकत होते. मला त्यांचा तो आवाज मोडवेना. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही. पंधरा दिवसांनी घट्ट सुतळीनं बांधलेलं पार्सल आलं. इतिहास, भूगोल, राज्यघटना, प्रश्नसंच. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर आणि त्यावर बाबांच्या वळणदार अक्षरात माझं नाव.

ती पुस्तकं मी वापरली, पण कशी, ते सांगायला आजही जड जातं. अभ्यासिकेत चित्र काढताना भूगोल उघडून समोर उभा करत असे, काकांना कागद दिसू नये म्हणून.

शेजारी अठरा नंबरवर वैशाली होती, बीडकडची. तिचा राज्यसेवेचा चौथा प्रयत्न. तिच्या वहीच्या कडेला बारीक उभ्या रेघा असत. मला वाटलं काही मोजते आहे. एकदा खाली टपरीवर चहा पिताना विचारलं, तर म्हणाली, "मन गेलं की एक रेघ मारते. गाव आठवलं, रेघ. लग्नाचं आठवलं, रेघ. रागवायचं न्हाई सोताला, नुसती रेघ मारायची आन् परत यायचं."

लक्ष एकवटण्याबद्दल पुढे मी बरंच वाचलं, व्याख्यानं ऐकली, आता तर फोनमध्ये त्यासाठी निरनिराळी साधनं मिळतात. वैशालीच्या पेन्सिलीपुढे मला त्यांतलं काही टिकलेलं दिसलं नाही. पहिल्या दिवशी मी एकेचाळीस रेघा मारल्या. दोन तासांत एकेचाळीस वेळा मी हत्तीला सोडून पळाले होते, ऑफिसातल्या मीटिंगला, बाबांच्या आवाजाकडे, मे महिन्याच्या शेवटाकडे. मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी अडतीस. होळीच्या सुमारास तीस, पाडव्याला वीस. एखाद्या दिवशी परत पस्तीस. हत्तीची सोंड जमत नव्हती. मी रोज फक्त सोंडच काढत होते, सहा ते आठ सोंड, आणि हळूहळू अशी वेळ आली की हात आपला आपण वळायला लागला. त्यात कसलीही दैवी गोष्ट नव्हती. जास्त वेळ बसले, एवढंच झालं होतं. लोकांना हे उत्तर आवडत नाही, कारण त्यात प्रतिभेला मान मिळत नाही. न मिळू दे.

एप्रिलमध्ये एकदा भूगोल घसरून पडला आणि काका नेमके मागे उभे होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं. मग पुस्तक उचलून टेबलावर ठेवत हळू आवाजात म्हणाले, "सतरा नंबर, भूगोलात हल्ली हत्ती बसमध्ये चढतात का?"

ते मला दाराबाहेर घेऊन गेले. मला कळलं, खुर्ची गेली. आणि खुर्ची गेली तर सगळंच गेलं, कॉटवर बसून मी एक सोंडही पुरी केली नसती. पण भीतीपेक्षा राग जास्त होता. मी म्हटलं, "काका, पाटीवर लिहिलंय, जागा फक्त अभ्यासासाठी. कशाचा अभ्यास, ते लिहिलेलं नाही. हा माझा अभ्यास आहे. मी एक दिवस चुकवलेला नाही, झोपलेली नाही, कुजबुजलेली नाही."

"याची परीक्षा कधी?"

"मे अखेर."

"नापास झालात तर?"

"परत बसायला मिळणार नाही."

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मग इथे काय उभ्या आहात? जा, वेळ चाललाय आपला." मी वळले तेव्हा मागून म्हणाले, "आणि तो भूगोल मिटून ठेवा. दिखाव्यासाठी पुस्तक उघडलेलं मला चालत नाही." दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवी पाटी होती. 'बेसिनमध्ये ब्रश धुऊ नयेत.' तीस जणांत ब्रश एकटीकडे होता.

वैशाख लागला. सकाळी सहालाच खोली तापलेली असे. कागदाला घाम लागू नये म्हणून मनगटाखाली हातरुमाल ठेवून काम करायचे. रेघा नऊ-दहावर आल्या होत्या, पानं एकोणीस झाली होती. त्या दिवशी आठ वाजता फाइल काखोटीला मारून मी बाहेर आले, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बाबा बसलेले. शेजारी रेक्झिनची बॅग.

"कधी आलात?"

"सव्वासहाला. स्टेशनवरून सरळ इथंच. त्या साहेबांनी सांगितलं, पालकांना आत सोडत नाही. म्हटलं, बरोबर आहे." त्यांनी दाराच्या काचेकडे बोट दाखवलं. "दिसत होती तू इथून. दोन तास मान वर केली नाही." त्यांचा चेहरा प्रवासानं काळवंडलेला होता आणि त्यावर जो आनंद होता, तो मी माझ्या बारावीच्या निकालानंतर पाहिला नव्हता.

त्या आनंदाला मी हात लावला. पायरीवर बसले आणि फाइल उघडली. बाबांनी तीन पानं उलटली, कडांना धरून, डाग पडू नये अशा बेतानं.

"हे काय होय?"

"मी इथे हे करते, बाबा. पुस्तक आहे मुलांचं. परीक्षेला मी बसलेली नाही. कधीच बसणार नव्हते."

खाली गिरणीचा पट्टा फिरत होता. बाबांची नजर हत्तीवर होती. "तीन महिने मी लोकांशी खोटं बोललो," ते म्हणाले. "अन् मले माहीतच नाही."

"तुम्ही विचारलं नाही."

"तू सांगितलं नाही."

दोन्ही खरं होतं. मला माफी मागायला हवी होती, आणि मागितलीही, खोटेपणाची. पण चित्रांची नाही. मी म्हटलं, "बसायला तुम्हीच शिकवलंत. कशासाठी बसायचं, ते मी ठरवलं." वडिलांशी असं आमच्या घरात कुणी बोललेलं नव्हतं. बाबांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली आणि बॅग उचलली. विश्रांतवाडीला माझी मावशी राहते, तिच्याकडे ते उतरणार होते. दोन पायऱ्या उतरून थांबले. "पौर्णिमेला तिथल्या विहारात तुझं भाषण ठेवलं आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी कशी करावी. मावशीनं पत्रिका वाटल्या. काय करतेस?"

"येईन."

"काय सांगशील?"

"जे करते ते."

बसमध्ये मी रडले. हिंजवडीचा चौक येईपर्यंत रडले, मग डोळे पुसून दुसऱ्यांच्या चुका शोधायला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सतरा नंबरवर होते. त्या दिवशी तेवीस रेघा पडल्या. पण विसावं पान झालं. सवयीचा हा उपयोग मला त्या दिवशी कळला. मन मोडलेलं असताना हिंमत वगैरे काही शोधावी लागत नाही. सहा वाजतात आणि पाय जिना चढतात.

पुस्तक वेळेत झालं, हे इथेच सांगून टाकते. मे संपायला तीन दिवस असताना चोविसावं पान सुकलं. पुस्तक फार खपलं नाही. पण त्यावरून दुसरं मिळालं, त्यावरून तिसरं, आणि काही वर्षांनी मी गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवलं. वैशाली पाचव्या प्रयत्नात पास झाली. हे सगळं गोड वाटत असेल, तर वाटू दे. पण पौर्णिमेच्या सकाळी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. चार पानं उरली होती, आणि बाबा चार दिवस माझ्याशी बोललेले नव्हते.

विहारात पांढऱ्या साड्यांची गर्दी होती. एका बाजूला खिरीचं पातेलं, उदबत्तीचा धूर, पंख्याखाली मुलांच्या रांगा. दहावीची, बारावीची, कॉलेजातली पोरं, मांडीवर नव्या वह्या घेऊन लिहून घ्यायला बसलेली. मावशीनं माझी ओळख करून दिली. आमच्या घरातली पहिली अधिकारी होणारी मुलगी, असं म्हणताना तिचा आवाज भरून आला. बाबांनी तिला काहीही सांगितलेलं नव्हतं. ते अगदी मागे, चपलांच्या जवळ, भिंतीला टेकून उभे होते.

मी माइक धरला. "मावशीची माफी मागते. मी कुठलीही परीक्षा देत नाहीये. मी चित्रं काढते. रोज सकाळी सहा ते आठ, सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून." कुजबुज सुरू झाली. मावशीनं पदर तोंडाला लावला. मी बोलत राहिले. "कसं बसायचं, ते मात्र मला येतं. ते सांगू शकते."

मधल्या रांगेतले एक गृहस्थ उठले. रागावलेले नव्हते, गंमत वाटत होती त्यांना. "ताई, पोरं अभ्यासाचं ऐकायला आली इथं. चित्र काढायले अभ्यासिका कायले लागते?"

हशा पिकला. पुढची पोरंही हसली. मी उत्तर तयार केलं होतं, चांगलं धारदार होतं, चार दिवस घोटलेलं. ते ओठांवर यायच्या आत मागून आवाज आला.

"लागते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबा भिंतीपासून पुढे आले होते. "मी पाहून आलो. दोन तास दाराबाहेर बसून पाह्यलं. मान वर केली नाही तिनं." हशा थांबला होता. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते, त्या गृहस्थांकडे पाहत होते, आणि त्यांचा आवाज तोच होता, ज्या आवाजात ते आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना गप्प करायचे. "अभ्यासाला बसते ती. खाली बसा तुम्ही, अन् सांगू द्या तिले."

ते गृहस्थ बसले. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं पेनाचं टोपण काढलं, आणि मी सांगायला सुरुवात केली.